डायलिसिसवर असलेल्या मुलीच्या हृदयाची भिंत जाड झाली आहे : आता नेमके कशाकडे लक्ष द्यावे?

प्रश्न : डोंबिवलीकर बाबा

माझी मुलगी ११ वर्षांची असून सहावीत शिकते. एफएसजीएस (किडनीच्या गाळण्यांवर वण पडण्याचा आजार) या आजाराने तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या असून गेल्या १४ महिन्यांपासून तिचे मशीनचे डायलिसिस परळ भागातील एका केंद्रात सोमवार, बुधवार आणि शुक्रवारी होते. आम्ही पहाटेच्या लोकलने निघतो, साडेसातच्या सुमारास मशीन सुरू होते आणि अकराला बंद होते, कारण त्यानंतर दुसऱ्या पाळीचे रुग्ण थांबलेले असतात. डाव्या हातात फिस्टुला (डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडून केलेली वाट) आहे. लघवी जवळजवळ होत नाही.

मागच्या आठवड्यात केलेल्या इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) अहवालात हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड झाल्याचे, मात्र पंप करण्याची क्षमता चांगली असल्याचे लिहिले आहे. तिचे ठरवलेले कोरडे वजन (अंगातले जादा पाणी काढल्यावरचे वजन) २६ किलो आहे. दोन डायलिसिसच्या मध्ये २ ते २.२ किलो वजन वाढते आणि सोमवारी त्याहून थोडे जास्तच असते. मशीनवर घेण्यापूर्वी रक्तदाब १३८/९२ च्या आसपास असतो, तर मशीनवरून उतरल्यावर १२४/८४ होतो. हा दुसरा आकडा बरा आहे असे आम्ही समजत होतो. हिमोग्लोबिन ८.६ आणि फॉस्फरस ७.१ आहे. रक्तदाबाच्या दोन गोळ्या आणि कॅल्शियमची एक गोळी चालू आहे.

‘हृदय’ हा शब्द ऐकल्यापासून घरात गोंधळ उडाला आहे. माझ्या थोरल्या बहिणीने तिचे तूप बंद करायला सांगितले आहे, तर सासूबाईंनी साध्या मिठाऐवजी सैंधव आणले आहे. हा ब्लॉकेजचा प्रकार आहे का, तो तुपामुळे झाला का आणि जाड झालेली भिंत पुन्हा पूर्ववत होऊ शकते का, हे मला समजून घ्यायचे आहे. तिसरी गोळी सुरू करण्याविषयी पुढच्या भेटीत बोलू, असे आमचे डॉक्टर म्हणाले आहेत.

उत्तर १ : मुलांच्या किडनीविकारांची डॉक्टर, मुंबई

तुमच्या प्रश्नातच बहुतेक उत्तरे आकड्यांच्या रूपाने दडलेली आहेत, म्हणून आधी ते आकडेच पाहू.

हा ब्लॉकेज नाही. पन्नाशीच्या माणसाच्या हृदयविकारात रक्तवाहिनीच्या आतल्या बाजूस चरबीचे थर साचून वाट अरुंद होते. डायलिसिसवरील मुलांमध्ये सुरुवातीला जे घडते ते वेगळे असते. शरीरात साठलेले जादा पाणी आणि वाढलेला रक्तदाब या दोन्हींविरुद्ध हृदयाला दिवसरात्र काम करावे लागते, आणि तालमीत जाणाऱ्या माणसाचा दंड भरावा तसा डाव्या कप्प्याचा स्नायू भरत जातो. फरक इतकाच की पैलवानाला विश्रांती मिळते, हृदयाला मिळत नाही. त्यात हिमोग्लोबिन कमी असल्याने तोच प्राणवायू पोचवण्यासाठी जास्त रक्त फिरवावे लागते आणि फिस्टुलामधून वाहणाऱ्या जादा रक्ताचा भारही पडतो. किडनी निकामी झालेल्या मुलांच्या मृत्यूच्या प्रमुख कारणांत जंतुसंसर्गाच्या बरोबरीने हृदयविकार येतो, त्यामुळे या अहवालाकडे दुर्लक्ष करू नये. परंतु जाड झालेली भिंत पाणी, रक्तदाब आणि हिमोग्लोबिन ताब्यात आल्यास काही महिन्यांत पुन्हा पातळ होऊ शकते, हेही तितकेच खरे आहे.

आता १२४/८४ विषयी. मोठ्या माणसाच्या मापाने हा आकडा बरा वाटतो, पण मुलांचा रक्तदाब वय, लिंग आणि उंचीनुसार तपासायचा असतो. डायलिसिसवरील मुले सहसा उंचीने लहान राहतात आणि अशा ११ वर्षांच्या मुलीसाठी १२०/८० हा आकडासुद्धा जास्तच आहे. म्हणजे मशीनवरून उतरल्यावरही तिचा रक्तदाब चढलेला असतो, आणि याचा सरळ अर्थ असा असू शकतो की तिच्या अंगात अजूनही पाणी शिल्लक आहे व २६ किलो हे तिचे खरे कोरडे वजन नाही. आजारपणात मुलाचे मांस झडते आणि त्याची जागा पाणी घेते, त्यामुळे काट्यावर वजन तेवढेच दिसते. उलट मूल वाढत असेल, तर तेच जुने वजन धरून ठेवल्याने त्याच्या अंगातून गरजेपेक्षा जास्त पाणी काढले जाते. वाढत्या वयात कोरडे वजन निदान महिन्यातून एकदा नव्याने तपासावे लागते ते याचसाठी. शक्य असल्यास फिस्टुला नसलेल्या हातावर यंत्र बांधून २४ तासांचा रक्तदाब मोजून घ्यावा. केंद्रातल्या दोन आकड्यांपेक्षा रात्री झोपेत रक्तदाब उतरतो की नाही, हे त्यातून अधिक नीट कळते. पट्टा मात्र मुलीच्या दंडाच्या मापाचाच हवा.

दुसरा हिशोब पाणी काढण्याच्या वेगाचा आहे. तुम्ही साडेतीन तासांत २.२ लिटर काढता, म्हणजे दर किलो वजनामागे ताशी सुमारे २४ मिलिलिटर. प्रौढांच्या अभ्यासांतून पुढे आलेली आणि मुलांसाठीही मार्गदर्शक मानली जाणारी मर्यादा ताशी १३ मिलिलिटरची आहे. त्या मर्यादेत राहिल्यास तुमच्या मुलीचे साडेतीन तासांत जेमतेम १.२ लिटर पाणी काढता येईल, चार तासांत १.३५ आणि साडेचार तासांत दीड लिटर. पाणी यापेक्षा वेगाने खेचले, की पेशींभोवतीचे पाणी रक्तात परत येईपर्यंत रक्तवाहिन्या रिकाम्या पडू लागतात आणि हृदयाच्या स्नायूचा काही भाग तेवढ्या वेळापुरता हलेनासा होतो. मुलांमध्येही डायलिसिस सुरू असताना इको करून हे दाखवले गेले आहे. हे आठवड्यातून तीनदा घडत राहिले तर हृदयाला वाचवण्यासाठी केलेला उपचारच त्याला दुखवू लागतो.

म्हणून तिसऱ्या गोळीच्या आधी तुम्ही डॉक्टरांसमोर तीन मुद्दे ठेवावेत : वेळ वाढवता येईल का, कोरडे वजन दर वेळी १०० ते २०० ग्रॅमने हळूहळू खाली आणता येईल का, आणि हिमोग्लोबिन ११ ते १२ च्या दरम्यान आणण्यासाठी एरिथ्रोपोएटिनचे (रक्त वाढवणारे) इंजेक्शन व लोह यांचे प्रमाण तपासता येईल का. गोळ्या लागतातही, पण पाण्याने वाढलेला रक्तदाब निव्वळ गोळ्यांनी दाबला, तर मशीनवर असताना तो एकदम कोसळतो, मग पाणी काढता येत नाही आणि तेच चक्र पुन्हा सुरू होते. कोरडे वजन गाठल्यानंतरही रक्तदाब उतरायला काही आठवडे लागतात, हे आधीच माहीत असलेले बरे, नाहीतर पालक आठव्या दिवशीच निराश होतात.

रक्तवाहिन्यांचा प्रश्न यापुढचा आहे आणि मला त्याची काळजी अधिक वाटते. फॉस्फरस वर्षानुवर्षे वाढलेला राहिला, तर रक्तवाहिनीच्या मधल्या थरातील स्नायूपेशी हाडाच्या पेशींसारखे वागू लागतात आणि तिथे कॅल्शियम साचून रबरी नळीसारखी असलेली वाहिनी कडक होते. अमेरिकेत २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डायलिसिसवरील तरुणांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांचे स्कॅन केले होते. २० वर्षांखालील २३ जणांपैकी एकातही कॅल्शियम दिसले नाही, पण २० ते ३० वयाच्या १६ जणांपैकी १४ जणांत ते होते. डायलिसिस ज्या वर्षांत चालते त्याच वर्षांत हे घडत असते, आणि जाड भिंत जशी पुन्हा पातळ होऊ शकते, तसे साचलेले कॅल्शियम सहजासहजी परत जात नाही. तुमच्या मुलीचा फॉस्फरस ७.१ आहे, तो या वयासाठी जास्त आहे. तिला वाढत्या हाडांसाठी कॅल्शियम हवेच असते, म्हणून ती गोळी आपणहून बंद करू नका, मात्र कॅल्शियम, फॉस्फरस आणि पॅराथायरॉइड संप्रेरक हे तिन्ही आकडे एकत्र पाहून फॉस्फरस बांधणारे सेवेलामरसारखे कॅल्शियमविरहित औषध जोडायचे का, हे जरूर विचारा. या दोन्हींपैकी कोणतीही गोळी जेवणाबरोबर घेतली तरच अन्नातला फॉस्फरस बांधते. जेवणानंतर तासाभराने आठवण झाली म्हणून दिलेली गोळी जवळपास वाया जाते.

आणि तूप बंद करू नका. तुपात फॉस्फरस आणि पोटॅशियम जवळजवळ नसते, तर उष्मांक भरपूर असतात, आणि २६ किलोच्या मुलीला त्यांचीच गरज आहे. तुमच्या बहिणीचा सल्ला मोठ्यांच्या हृदयविकाराला लागू पडेल, तुमच्या मुलीच्या नाही.

उत्तर २ : विरारची आई

डॉक्टरांनी लिहिले आहे ते सर्व आम्ही नऊ वर्षांपूर्वी ठेच लागल्यावर शिकलो. माझ्या मुलाचे डायलिसिस १० व्या वर्षी सुरू झाले. एका शनिवारी केंद्रातील मशीन बिघडले आणि आम्हाला ‘सोमवारी या’ असे सांगून परत पाठवण्यात आले. दुसरीकडे चौकशी करावी, एवढे भान आम्हाला त्या वेळी राहिले नाही. रविवारी रात्री त्याला आडवे झोपवेना, तो उशीला टेकून बसून श्वास घेत होता आणि मी त्याला कफ झाला असावा म्हणून वाफ देत होते. इस्पितळात नेल्यावर फुप्फुसांत पाणी भरल्याचे कळले. त्या रात्रीपासून आमच्या फ्रिजवर तातडीच्या डायलिसिसची सोय असलेल्या दोन ठिकाणांचे पत्ते चिकटवलेले असत, आणि डायलिसिसवरील मूल झोपताना उठून बसू लागले तर सकाळची वाट पाहायची नाही, एवढे मी प्रत्येक पालकाला सांगते.

पाण्याच्या बाबतीत माझा अनुभव असा, की पाणी मोजून देण्याने मुलाशी रोज भांडण होते आणि मीठ कमी केल्याने तहानच कमी लागते. आम्ही एकट्या मुलासाठी वेगळे अळणी शिजवणे महिनाभर करून पाहिले, पण शेजारच्या ताटातला वास त्याला सहन होत नसे. शेवटी सगळ्या घराचे मीठ निम्म्यावर आणले. माझ्या सासऱ्यांनी आठवडाभर तोंड वाकडे केले, नंतर त्यांचाही रक्तदाब उतरला आणि तक्रार थांबली. वडापाव पूर्ण बंद केला नव्हता. डायलिसिसच्या दिवशी, मशीनवर चढण्याच्या आधी, महिन्यातून एकदा, आणि चटणी न घालता, असा आमचा करार होता.

वेळ वाढवून मागताना आम्ही केंद्राशी वाद घातला नाही. आमच्या डॉक्टरांकडून ‘चार तास, ताशी इतकेच पाणी’ असे लेखी घेतले आणि दुपारची शेवटची पाळी मागून घेतली, कारण त्या पाळीनंतर मशीनसाठी कोणी थांबलेले नसते. शाळेच्या दृष्टीनेही ते सोयीचे पडले. मुलाचे १४ व्या वर्षी प्रत्यारोपण झाले, किडनी माझीच आहे. दोन वर्षांनंतरच्या इकोत भिंतीची जाडी नेहमीच्या मर्यादेत आलेली होती, तरी रक्तदाबाची एक गोळी आजही चालू आहे.

उत्तर ३ : आहारतज्ज्ञ, दादर

सासूबाईंनी प्रेमाने आणलेले सैंधव हे शेवटी सोडियम क्लोराइडच आहे, त्यामुळे त्याने काहीच साधत नाही. त्याहून मोठा धोका बाजारातील ‘कमी सोडियम’ असे लिहिलेल्या मिठात आहे, कारण त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते. लघवी न होणाऱ्या मुलाच्या रक्तातील पोटॅशियम त्याने झपाट्याने वाढू शकते आणि हृदयाचे ठोके अनियमित होऊन ते थांबूही शकते. हे मीठ घरातच ठेवू नये. शहाळ्याच्या पाण्याचेही तसेच आहे, आणि आपल्याकडे आजारी मुलाला भेटायला येणारा प्रत्येक जण शहाळेच घेऊन येतो.

एक हिशोब पालकांना फार उपयोगी पडतो. अंगातील एक लिटर पाण्याबरोबर साधारण ८ ग्रॅम मीठ असते. म्हणजे वजन २.२ किलो वाढले, तर त्या दोन दिवसांत मुलीच्या पोटात सुमारे १८ ग्रॅम, म्हणजे सपाट भरलेले तीन-साडेतीन चहाचे चमचे मीठ गेले आहे. ते कुठून गेले याचा शोध घ्यायला लागल्यावर भाजी-आमटीपेक्षा इतर वस्तूच जास्त सापडतात : पापड, लोणचे, फरसाण, वेफर, शेव, खारी, पावातले मीठ, ढोकळ्यातला सोडा, ताकाला लावलेले मीठ आणि मासे खाणाऱ्या घरात सुकट, जवळा व सुके बोंबील. ताजा बोंबील प्रमाणात चालेल, खारवून सुकवलेला नको.

फॉस्फरसच्या बाबतीत दूध-पनीर मोजून दिले जाते, परंतु पाकिटबंद पदार्थांतील फॉस्फेट नजरेतून सुटते. प्रक्रिया केलेले चीज, सॉसेज-नगेटसारखे मांसाचे पदार्थ आणि काळ्या रंगाची शीतपेये यांत मिसळलेले फॉस्फेट आतड्यांतून जवळजवळ पूर्ण शोषले जाते, तर डाळी-कडधान्यांतले त्या मानाने बरेच कमी. त्यामुळे मुलीची मूगडाळ तोडून तिला चीजचा चौकोन देऊ नका. पालेभाज्या आणि बटाटे कापून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून दिल्यास पोटॅशियम कमी होते. गणपतीत उकडीचा एखादा मोदक डायलिसिसच्या दिवशी द्यायला हरकत नसते, पण त्यातील ओल्या नारळाचे पोटॅशियम लक्षात ठेवून त्या दिवशी दुसरे काही वगळावे.

एक सूचना इतर पालकांसाठी. मीठ कमी करण्याचा हा सल्ला सरसकट घेऊ नये. काही मुलांच्या किडन्या जन्मतःच नीट घडलेल्या नसतात किंवा मूत्रमार्गात पडदा असल्यामुळे खराब झालेल्या असतात. अशी मुले डायलिसिसवर असूनही भरपूर लघवी करतात आणि त्यातून मीठ वाहून जाते. त्यांना, तसेच पोटाचे (पोटात द्रावण सोडून केले जाणारे) डायलिसिस चालू असलेल्या तान्ह्या बाळांना, कधीकधी मीठ वरून द्यावे लागते. त्यांचे मीठ तोडले तर वाढ खुंटते.

उत्तर ४ : डायलिसिस तंत्रज्ञ

मशीनजवळ उभे राहून दिसणाऱ्या दोन गोष्टी सांगतो. पहिली, ‘साडेतीन तास’ हे सुया टोचल्यापासून धरले जातात की पंप सुरू झाल्यापासून, ते पाहा. अलार्म वाजून पंप थांबतो ती मिनिटे मोजून घेतली, तर प्रत्यक्ष डायलिसिस कधीकधी सव्वातीन तासच झालेले आढळते. दुसरी, मशीनमधल्या डायलिसिसच्या द्रावणातील सोडियम किती ठेवले आहे ते विचारा. मुलीच्या रक्तातले सोडियम १३५ असताना मशीनवर १४० असेल, तर ती घरी जाताना मीठ घेऊनच जाते आणि लोकलमध्येच पाणी मागते. वजन दर वेळी त्याच काट्यावर, चपला काढून आणि दप्तर खाली ठेवून करावे. हे हास्यास्पद वाटेल, पण पाण्याच्या बाटलीसकट वजन केलेली मुले मी पाहिली आहेत.

डोंबिवलीकर बाबा

सर्वांचा अत्यंत आभारी आहे. तूप काल रात्रीपासून पुन्हा सुरू केले. फरसाणाचा डबा शेजाऱ्यांकडे गेला, त्यावर मुलगी रुसली आहे. केंद्राने सकाळच्या पाळीत चार तास देता येणार नाहीत असे सांगितले, मात्र दुपारची शेवटची पाळी पुढच्या महिन्यापासून मिळू शकेल. तोवर काय करावे? शनिवारी चौथे डायलिसिस करून घेण्यात अर्थ आहे का? आणि पोटाच्या डायलिसिसचा विचार आता करावा का?

मुलांच्या किडनीविकारांची डॉक्टर, मुंबई

अर्थ आहे. शुक्रवार ते सोमवार हा आठवड्यातला सर्वांत लांब खंड असतो आणि प्रौढांच्या मोठ्या पाहणीत या लांब खंडानंतरच्या दिवशी मृत्यू व हृदयविकाराचे प्रसंग अधिक आढळले आहेत. शनिवारी तीन तासांचे जादा डायलिसिस मिळाले, तर सोमवारी काढायचे पाणी कमी होईल. महात्मा फुले योजनेतून उपचार चालू असतील, तर चौथ्या वेळेची मंजुरी मिळते का हे केंद्रातील आरोग्यमित्राला आधी विचारून घ्यावे.

पोटाचे डायलिसिस रोज आणि हळूहळू चालत असल्यामुळे हृदयाला असे हिसके बसत नाहीत, शिवाय शाळा बुडत नाही आणि फिस्टुलाचा भारही नसतो. मात्र घरात स्वच्छ कोपरा, पिशव्या ठेवायला जागा आणि हात धुण्याची शिस्त पाळणारा एक मोठा माणूस रोज लागतो. पोटात जंतुसंसर्ग होण्याची भीती खरी आहे. तुमचे घर पाहिल्याशिवाय याचा निर्णय कोणी देऊ नये. तुमच्या केंद्रात हिमोडायाफिल्ट्रेशनची (मशीनच्या डायलिसिसचाच अधिक गाळणी करणारा प्रकार) सोय असेल, तर तेही विचारा. अनेक देशांतील केंद्रांनी मिळून केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या थ्री-एच अभ्यासात, नेहमीच्या डायलिसिसवरील मुलांच्या मानेच्या रक्तवाहिनीची भिंत वर्षभरात जाड होत गेली, तर या पद्धतीवरील मुलांची जवळपास तेवढीच राहिली आणि त्यांची उंचीही अधिक वाढली. मुलांची विभागणी चिठ्ठ्या टाकून केलेली नव्हती, त्यामुळे मी त्यावर पैजेने बोलणार नाही, पण दिशा आश्वासक आहे.

या सगळ्याबरोबर प्रत्यारोपणाची तयारी आत्ताच सुरू करा. घरातील दात्यांच्या तपासण्या चालू असतानाच मुंबईच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या, मृत दात्यांच्या किडनीसाठीच्या यादीत तुमच्या इस्पितळामार्फत नाव नोंदवता येते आणि गुणांकनात लहान वयाला जादा गुण मिळतात. एफएसजीएस नव्या किडनीत पुन्हा उद्भवू शकतो, म्हणून जनुकीय तपासणीविषयी आधी विचारून घ्या. तोवर रक्त तपासायचे असेल तर ते हाताच्या पंजाच्या मागच्या शिरेतून काढायला सांगा. उजव्या हाताच्या शिरा जपायला हव्यात, त्या तिला पुढे नव्या फिस्टुलासाठी लागू शकतात.

पुढचा इको सहा महिन्यांनी, आणि तो सोमवारी डायलिसिसच्या आधी करू नका. त्या दिवशी हृदय पाण्याने फुगलेले असते आणि मागच्या अहवालाशी तुलना चुकते. मंगळवारी किंवा गुरुवारी, त्याच यंत्रावर, शक्य तर त्याच डॉक्टरांकडून करून घ्या आणि त्या दिवशीची उंची व वजन अहवालावर लिहून घ्या. मुलांच्या हृदयाचे वस्तुमान उंचीच्या प्रमाणातच वाचायचे असते.

डोंबिवलीकर बाबा

मागचा इको सोमवारी सकाळी सात वाजता, मशीनवर चढण्याच्या आधी झाला होता. म्हणून सहा महिने न थांबता नवीन इकोसाठी पुढच्या गुरुवारची वेळ घेतली आहे. आज बुधवारी वाढलेले वजन १.७ किलो होते, चपला काढून.